दीडपट वेगाच्या जावईबापूंस

श्रीमान जावईबापू यांस,
मुक्काम पुणे.



पत्रास कारण की, तुमच्याशी तोंडी बोलून पाहिलं, उपयोग झाला नाही. जावई म्हणजे दशमग्रह. त्याला समोर बसवून चार शब्द सुनवावेत, तर तुमच्या सासूबाई स्वयंपाकघरातून भांडं आपटतात. फोन करावा तर तुम्ही मीटिंगमध्ये. शेवटी व्हॉट्सअ‍ॅपवर चार मिनिटांचा आवाजी निरोप पाठवला. पावणेतीन मिनिटांत त्यावर तुमचा अंगठा आला. मी तेहतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवलं आहे. चार मिनिटांचं बोलणं पावणेतीन मिनिटांत ऐकून झालं म्हणजे ते कोणत्या वेगानं ऐकलं, हे मला फळ्यावर मांडून बघावं लागत नाही. म्हणून हे पत्र छापायला देत आहे. छापलेल्या कागदावर बोट दाबून वेग वाढवायची सोय अजून कोणी काढलेली नाही, आणि ती निघेपर्यंत तरी मी तुमच्यापुढे अर्धं पाऊल आहे.

गेल्या दिवाळीत तुम्ही चिमूरला चार रात्री राहिलात. आलात तेव्हा एका हातात मिठाईचा खोका आणि दुसऱ्या हातात लॅपटॉप होता. पाय धुतल्याबरोबर तुम्ही आमच्या टीव्हीच्या मागं हात घातलात, जाळं झटकलंत, एक काळी केबल खुपसलीत आणि जाहीर केलंत, "बाबा, आता घरच्या घरी थिएटर." आम्हाला आनंदच झाला. सिनेमा पाहायचा म्हणून नागपूर किंवा चंद्रपूर गाठायचं म्हणजे शंभरेक किलोमीटरची दगदग, ती आता आमच्यानं होत नाही. तुमच्या सासूबाईंनी सांबारवडीचं पुरण परतायला घेतलं, माझ्या आईनं आपली खुर्ची पुढं ओढली, शेजारच्या काकू मुरमुऱ्यांचा चिवडा घेऊन आल्या. (पुण्याच्या वाचकांसाठी: आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. जावईबापूंना हे लग्नानंतर तीन वर्षांनी कळलं, तोवर ते डोसा कधी येतो याची वाट पाहत होते.)

त्या चार रात्रींत तुम्ही आम्हाला चार सिनेमे दाखवलेत आणि चारही सिनेमांचा निकाल लावलात. 'सैराट': "ओके आहे, सेकंड हाफ ड्रॅग होतो." 'शेरनी': "स्लो. वाघ कुठाय?" 'द डिसायपल': "फेस्टिव्हल टाइप." 'न्यूटन': "वन टाइम वॉच." प्रत्येक निकालासोबत तारेही दिलेत, पाचपैकी अडीच, तीन, दोन, तीन. एवढ्या भराभर पेपर तपासणारा माणूस मी बोर्डाच्या परीक्षेतही पाहिला नाही, आणि तिथं तर उत्तरपत्रिकेमागं पैसे मिळायचे.

मला वाटलं होतं, पुण्याची माणसं, डोकं जलद चालत असेल. दुसऱ्या रात्री चष्मा लावून स्क्रीनच्या कोपऱ्याकडे पाहिलं तेव्हा खरा प्रकार कळला. तिथं बारीक अक्षरात १.५ असा आकडा होता.

आता 'सैराट'चंच घेऊ. सिनेमा १७४ मिनिटांचा. दीडपट वेगानं तो ११६ मिनिटांत संपतो. म्हणजे तुम्ही ५८ मिनिटं वाचवलीत. या ५८ मिनिटांचं तुम्ही काय केलंत, हे मी पाहिलं आहे. तुम्ही पलंगावर आडवे पडून मोबाइलवर रील पाहत होतात. त्यात एका रीलमध्ये कोणीतरी 'सैराट'चीच गोष्ट एका मिनिटात सांगत होता. आणि तेही तुम्ही पूर्ण पाहिलं नाहीत.

पण मला बोलायचं आहे ते शेवटाबद्दल. आईनं 'सैराट' पाहिलेला नव्हता. २०१६ च्या एप्रिलात तो आला तेव्हा सगळं गाव त्याची गाणी वाजवत होतं आणि आईच्या गुडघ्याचं दुखणं ऐन भरात होतं. त्यामुळे गेल्या दिवाळीत ती खुर्चीवरून हलली नाही. पहिला अर्धा भाग तिला भारीच धावपळीचा वाटला. "काऊन धावून रायले जी हे पोट्टे?" असं तिनं दोनदा विचारलं, आणि तुम्ही म्हणालात, "आजी, एनर्जी आहे त्यांच्यात." हैदराबादचा भाग आला तेव्हा ती पोरीच्या काळजीत बुडाली. झोपडपट्टीत पाणी कुठून भरते, एकटी कशी राहते, त्या पोट्ट्यानं तिच्यावर संशय घेतला तेव्हा तर आईनं चिवड्याची वाटी खाली ठेवून त्याला दोन शिव्या दिल्या. मग वर्षं सरली, लेकरू झालं, आणि एके दिवशी त्या पोरीचा, आर्चीचा भाऊ माहेरच्या वस्तू घेऊन दारात आला. आर्ची चहाला लागली. आईनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "भाऊ आला बाई. आता सारं बरं होते."

यापुढं काय होतं ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. दिग्दर्शकानं तिथं आवाज काढून घेतला आहे. सगळा सिनेमा गाण्यांनी दणाणून सोडणाऱ्या नागराज मंजुळे यांनी शेवटी काही म्हणजे काही ऐकू येऊ दिलेलं नाही. २०१६ साली ज्यांनी तो थिएटरात पाहिला त्यांना आठवत असेल, शिट्ट्या मारणारी पोरं त्या शांततेत कशी खुर्चीत गोठली होती.

आणि आमच्या दिवाणखान्यात, त्या शांततेच्या पहिल्याच क्षणी, तुम्ही म्हणालात, "आवाज गेला वाटतं. केबल लूज आहे."

उठलात, टीव्हीच्या मागं हात घातलात, केबल हलवलीत, आणि चित्रही गेलं. दोन-तीन मिनिटं तुम्ही ती केबल काढत-घालत होतात. चित्र परत आलं तेव्हा नावं वर सरकत होती, दीडपट वेगानं. "संपला," तुम्ही म्हणालात, "अडीच स्टार." आई समाधानानं उठली आणि झोपायला गेली.

जावईबापू, आमच्या आईच्या हिशेबात आर्चीचं माहेर त्या दिवशी सुधारलं. ती अजून अधूनमधून विचारते, "त्या पोरीचं लेकरू शेजारणीसंगं गेलं होतं, ते आलं का घरी?" आम्ही म्हणतो, आलं.

तुम्हाला वाटेल, म्हातारा वेगावर का घसरला, काळाबरोबर चालायला नको का. तेव्हा माझाही गुन्हा कबूल करतो. ऐंशीच्या दशकात आमच्या गल्लीत वर्गणी काढून रात्रभरासाठी व्हीसीआर भाड्यानं आणत. एका रात्रीत तीन सिनेमे, तिसऱ्याला निम्मी माणसं घोरत. त्या व्हीसीआरवर आम्हीही पुढं पळवत होतो. नायक-नायिका बागेत शिरले की कोणीतरी ओरडायचं, "पळव, पळव," आणि मारामारी आली की थांबवायचा. पण पळवताना काय व्हायचं? पडद्यावर आडव्या रेघा यायच्या, माणसं उंदरासारखी इकडून तिकडं धावायची आणि आवाज बंद पडायचा. म्हणजे आपण आत्ता पाहत नाही आहोत, उडी मारतो आहोत, हे यंत्रच आपल्याला सांगायचं. कोणी त्या उडी मारलेल्या गाण्याला तारे देत नसे.

तुमच्या लॅपटॉपमध्ये ती लाज काढून टाकली आहे. वेग वाढतो, पण सूर तोच ठेवायची सोय त्यात आहे. माणसं चिरकी बोलत नाहीत, जरा घाईत असल्यासारखी बोलतात, बस्स. पाच मिनिटांत कान सरावतो आणि सिनेमा आहे तसाच पाहतो आहोत असं वाटू लागतं. २०१९ मध्ये नेटफ्लिक्सनं हा वेगाचा खेळ करून बघायला घेतला तेव्हा जड अपॅटो, ब्रॅड बर्ड यांसारख्या हॉलिवूडच्या दिग्दर्शकांनी जाहीर आरडाओरड केली होती. पुढच्या वर्षी तो आलाच. दिग्दर्शकाचं ऐकणार कोण? बटण दाबणारे तुम्ही.

शाळेत मी पोरांना प्रमाण शिकवताना सिनेमाचं उदाहरण द्यायचो. पडद्यावर सेकंदाला २४ चित्रं सरकतात. ३५ मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात १६ चित्रं मावतात. म्हणजे मिनिटाला ९० फूट, आणि हजार फुटांचं रीळ साधारण ११ मिनिटांचं. पोरं हे लगेच शिकायची, कारण माघात घोडायात्रा भरली की त्यांना तंबू माहीत असायचा. बालाजी महाराज लाकडी घोड्यावर बसून निघायचे, आणि इकडे मैदानात तंबूत सिनेमा. यंत्र एकच, त्यामुळे रीळ संपलं की अंधार. कंदिलाच्या उजेडात ऑपरेटर दुसरं रीळ चढवेपर्यंत आम्ही जमिनीवर बसून बोलायचो. खलनायक आता काय करेल, त्या बाईनं दागिने कुठं लपवले, आणि हा मुनीम मला पहिल्यापासूनच लबाड वाटत होता. जावईबापू, मतं बनतात ती तेव्हा. रिळाच्या फटीत. तुम्ही सिनेमातल्या सगळ्या फटी बुजवून टाकल्यात आणि मग मत मागून घेतलंत कुणा रीलवाल्याकडून.

'द डिसायपल' तुम्ही का लावलात, हे मला आजवर कळलेलं नाही. बहुधा यादीत वर दिसला म्हणून. चैतन्य ताम्हाणे यांच्या या सिनेमाला २०२० मध्ये व्हेनिसला पटकथेचं पारितोषिक मिळालं, तो मराठी आहे, शास्त्रीय गायकाबद्दल आहे, म्हणून सासऱ्यांना आवडेल असा तुमचा हिशेब असावा. हिशेब बरोबर होता. त्यातला गायक रात्री मोटारसायकलवरून मुंबईच्या रस्त्यानं जातो आणि कानात माई नावाच्या गायिकेच्या जुन्या भाषणांचा आवाज. ती दृश्यं दिग्दर्शकानं मुद्दाम मंद गतीत ठेवली आहेत. तुम्ही ती दीडपट केलीत. गाडी मंदावलेली, आणि तुमच्यामुळं पुन्हा वेगात, म्हणजे दोघांची कुस्ती होऊन गाडी जवळजवळ खऱ्या वेगानं धावू लागली. दिग्दर्शकाची सगळी मेहनत खोडून मुंबईची साधी वाहतूक परत मिळवण्याचा हा पराक्रम तुमच्या नावावर जमा आहे.

गाण्याचं तर विचारूच नका. विलंबित ख्याल, अतिविलंबित एकताल, ज्याचं एक आवर्तन पाऊण-एक मिनिट चालतं. गवई समेवर येण्यासाठी जीव टाकतो आहे, आणि तुमच्या कृपेनं सम त्याच्या अंगावर धावून येते. त्या माईंचा आवाज सुमित्रा भावे यांचा आहे. १९ एप्रिल २०२१ ला त्या गेल्या आणि ३० एप्रिलला हा सिनेमा नेटफ्लिक्सवर आला. साधनेत घाई नको असं सांगणारा तो आवाज, आणि तुम्ही त्यालाही घाईला लावलंत. दोन तारे.

आता 'शेरनी'. इथं मात्र मी जरा वेळ बसणार आहे, तुम्हीही बसा.

तुमचा आक्षेप असा की सव्वादोन तासांच्या सिनेमात वाघ दोन मिनिटं. बरोबर. आमच्या तालुक्यातही तेवढाच असतो. कोलारा गेट आमच्याच तालुक्यात, ताडोबा-अंधारी प्रकल्पाचं १७०० चौरस किलोमीटरांहून मोठं रान दाराशी, आणि तरी इथले कितीतरी लोक वर्षानुवर्षं वाघ बघत नाहीत. पण दिवस त्याच्या हिशेबानं चालतो. मोहफुलं वेचायला पहाटे जायचं की उजाडल्यावर, हे त्याच्यावर. मे महिन्यात तेंदूपत्त्याला किती बायकांनी मिळून जायचं, हे त्याच्यावर. गुरं किती वाजता परत, पऱ्हाटीच्या वावरात एकटं वाकून कापूस वेचायचा का, रात्री जागलीला कोण जाणार. दिसत नाही, पण घड्याळ त्याच्याच हातात. दिग्दर्शक अमित मसूरकर यांनी वाघ कमी दाखवला तो बजेट कमी पडलं म्हणून असं तुम्ही म्हणालात. मला वाटतं, त्यांना ठाऊक होतं.

शेजारच्या काकू त्या रात्री तुमच्या मागच्या खुर्चीवर होत्या. त्यांचं माहेर प्रकल्पाच्या बफर क्षेत्रातलं. विद्या बालनची ती वनाधिकारी गावकऱ्यांशी बोलते, इकडे साहेब लोक फाइली सरकवतात, पुढारी वाघिणीवर मतं मागतात, शिकारी छाती फुगवून फिरतो. काकू बोलत नव्हत्या. एकदाच बोलल्या. ती तांब्याची खाण आली ना, वाघिणीची वाट अडवणारी, तेव्हा म्हणाल्या, "आमच्याकडं कोळशाची हाय." आणि पुन्हा गप्प. तुम्ही मागं वळून पाहिलंत सुद्धा नाही, तुम्ही तेव्हा कुणालातरी हसण्याची चिन्हं पाठवत होतात.

आमच्याकडे ज्यानं ज्यानं तो सिनेमा पाहिला त्याला पांढरकवड्याकडची अवनी वाघीण आठवली. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला गोळी घातली, मागं दोन बछडे राहिले. सिनेमातही दोन. सिनेमा २०२१ च्या जूनमध्ये आला. त्याच वर्षी २० नोव्हेंबरला आमच्या कोलारा परिक्षेत्रात व्याघ्रगणनेच्या कामावर पायी फिरणारी एक वनरक्षक बाई वाघिणीच्या हल्ल्यात गेली. खाकी घातलेली, विद्या बालनच्या हाताखाली शोभावी अशी. म्हणून सिनेमाच्या शेवटी, ती अधिकारी बाई पेंढा भरलेल्या जनावरांच्या संग्रहालयात बदली होऊन येते आणि त्या काचेच्या डोळ्यांच्या रांगा दिसतात, तेव्हा काकूंना बघायचं होतं. तुम्ही म्हणालात, "आता काही नाही पुढं, सगळे स्टफ्ड आहेत," आणि बंद केलंत.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी? साडेचारला उठलात. अंघोळ न करता. (हे सासूबाईंना मी सांगितलेलं नाही, या पत्रातून कळेल.) जिप्सीत बसून कोलाऱ्यातून आत गेलात, एका पाणवठ्यावर चाळीस मिनिटं गाडी बंद करून बसलात. चाळीस मिनिटं! सांबर एकदा ओरडलं, माकडं गप्प झाली, ओल्या मातीवर ठसे दिसले. वाघ दिसलाच नाही. तरी परत येऊन दोन तास तुम्ही माझ्या पोरीला तेच सांगत होतात, काय शांतता, काय थरार, पान हललं तरी छातीत धस्स. एकदाही स्लो म्हणाला नाहीत. तारे दिले नाहीत.

मी विचार केला, हा चमत्कार कसा घडला. मग लक्षात आलं. ताडोबात सफारीला मोबाइल नेऊ देत नाहीत.

'न्यूटन' शेवटच्या रात्री. त्याच मसूरकरांचा, २०१७ चा, भारतानं ऑस्करला पाठवलेला. तुम्ही तो लावलात तेव्हा मी जरा सरसावून बसलो, कारण या विषयात मी तुमच्यापेक्षा वरच्या वर्गात आहे. अख्ख्या नोकरीत एकही निवडणूक माझी ड्युटी चुकवून गेली नाही. सामान घ्यायला रांग, शिक्के, शाई, लाख, पाकिटं, पहाटे प्रतिनिधींसमोर मॉक पोल, दर दोन तासांनी टक्केवारी कळवणं. आमचा मतदारसंघच गडचिरोली-चिमूर. इकडे आमचं बरं असतं, पण पलीकडे गडचिरोलीच्या आतल्या भागात पथकं हेलिकॉप्टरनं सोडतात आणि मतदान दुपारी ३ ला आवरतं. सिनेमातला तो न्यूटनही हेलिकॉप्टरनं उतरतो, ७६ मतदारांसाठी पडक्या शाळेत टेबल मांडतो आणि बसतो. कोणी येत नाही. पंखा नाही, चहा नाही, मतदार नाही. चौघं एकमेकांची तोंडं बघतात.

हे वाट बघणं म्हणजे निवडणूक ड्युटी, जावईबापू. दुपारी एक ते अडीच केंद्रावर जे असतं ते असं असतं. मुंग्यांची रांग किती लांब आहे हे मोजून झालेलं असतं. पोलीस शिपाई त्याच्या लेकीच्या लग्नाचा खर्च दुसऱ्यांदा सांगत असतो. पहिल्या नंबरचा अधिकारी यादीत विचित्र नावं शोधत असतो. सिनेमात मी ते पहिल्यांदा पाहिलं, माझं आयुष्य कोणीतरी पाहून ठेवल्यासारखं वाटलं, आणि बरोबर तेव्हाच तुम्ही बोट दाबलंत. दहा सेकंद पुढं. पुन्हा दहा. पुन्हा दहा. "काहीच होत नाहीये," तुम्ही म्हणालात.

त्या सिनेमात घड्याळाला एवढी किंमत आहे की मतदानाची वेळ भरेपर्यंत तो गडी बंदूक रोखून उभा राहतो. आणि शेवटी केंद्रावरची त्याची सहकारी मलको त्याला भेटायला कचेरीत येते तेव्हा तो तिला पाच मिनिटं थांबायला सांगतो, कारण त्याच्या सुट्टीला अजून पाच मिनिटं बाकी असतात. तुम्ही ती पाच मिनिटं सव्वातीनवर आणलीत आणि निकाल दिलात, "वन टाइम वॉच." गणिताचा मास्तर म्हणून एक दुरुस्ती सुचवतो. दीडपट वेगानं, दहा-दहा सेकंदांच्या उड्या मारून, मोबाइलवर डोळे ठेवून पाहिलेला सिनेमा 'वन टाइम' होत नाही. उदार हातानं गुण दिले तरी तो 'पाव टाइम'च्या वर जात नाही.

आता तुम्ही म्हणाल, तुमच्या घरातल्यांची मतं तरी काय मोठी? कबूल, मोठी नाहीत. तुमच्या सासूबाईंना 'सूर्यवंशम' दर वेळी पूर्ण बघायचा असतो आणि ती विषाची खीर आली की त्या दर वेळी स्वयंपाकघरातून ओरडतात, "नको खाऊ रे बाप्पा." १९९९ पासून अमिताभनं त्यांचं एकदाही ऐकलेलं नाही. आईला पडद्यावर कोणीही जेवत असलं की भाजी कोणती ते दिसलं पाहिजे. माझं स्वतःचं मत विचाराल तर पोलिसांचे सिनेमे मला आवडत नाहीत, कारण त्यात कोणी पंचनामा नीट लिहीत नाही. काकूंच्या मते ज्या सिनेमात पाऊस आहे तो चांगला. यातल्या एकाही मताला तारे लागत नाहीत. पण ही मतं माणसांबद्दल असतात. त्या पोरीनं तसं जायला नको होतं, त्या भावाच्या डोळ्यांत मला आधीच खोट दिसली. तुमचं मत डब्याबद्दल असतं. किती मिनिटांचा, किती ओढला, पैसे वसूल झाले का. आणि पैसे तरी कुठं दिले होते? तो पासवर्ड तुमच्या मेव्हण्याचा आहे, हे आम्हाला माहीत आहे.

काही वर्षांमागं तुम्हाला सिंदेवाहीकडच्या एका गावात झाडीपट्टीचं नाटक बघायला नेलं होतं, आठवतं? शंकरपटाच्या निमित्तानं वडशाची कंपनी आली होती. रात्री साडेदहाला पडदा, पहाटे साडेचारला भैरवी, थंडीत घोंगडी पांघरून हजारो माणसं. दीड वाजता तुम्ही माझ्या कानात विचारलंत, "बाबा, हे किती बाकी आहे?" मी म्हणालो, अजून खलनायकाचं लग्न व्हायचं आहे. शेजारच्या शेतकऱ्यानं तुमच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी त्याला सांगितलं, पाहुणे आहेत. त्यानं मान हलवली आणि तुम्हाला आपल्या घोंगडीचा एक कोपरा दिला. तुम्ही तिथं झोपलात, आणि सकाळी पोहे खाताना म्हणालात, नाटक चांगलं होतं पण लांब. त्या रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा तुम्हीच ती बातमी मला पाठवलीत आणि खाली लिहिलंत, "आपण पाहिलंय ना यांचं?" मी उत्तर दिलं नाही. आता देतो. यांचं आपण पाहिलेलं नाही. आणि जे पाहिलं म्हणता, ते मी पाहिलं.

तर विनंती अशी. माघात घोडायात्रेला या, पोरीला आणि नातवाला घेऊन या. या खेपेला सिनेमा मी निवडीन. वेग एकचा राहील. मोबाइल दाराशी टोपलीत ठेवायचा, ताडोबात ठेवता तसा. मध्ये उठायला हरकत नाही, बोलायला तर मुळीच हरकत नाही, काकू बोलल्या तर मात्र मागं वळून ऐकायचं. आणि 'सैराट'चा शेवट आईला दाखवायचा की नाही, हे घरात अजून ठरलेलं नाही. तुमच्या सासूबाईंचं म्हणणं, ऐंशी ओलांडलेल्या बाईला ते कशाला. मला वाटतं, तिनं दोन दिवसांत तीन वेळा त्या लेकराचं विचारलं म्हणजे तिला काहीतरी कळलेलं आहे. तोवर कृपा करून तिच्यासमोर त्या सिनेमाचा विषय काढू नका.

सासूबाईंचा आशीर्वाद. आईनं विचारलं आहे की तुम्ही बारीक का झालात.

आपला,
सासरा,
चिमूर, जि. चंद्रपूर

ता. क. : तुमची ती काळी केबल इथंच राहिली होती. ती तांदळाच्या कोठीत तळाशी ठेवली आहे. कोठी यंदा भरलेली आहे.